कावळा, फांदी आणि चष्म्याचा नंबर

"हे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत" हे वाक्य आपल्याकडे वादात हुकमाच्या एक्क्यासारखं टाकलं जातं. एकदा ते पडलं की समोरच्याने गप्प बसायचं, असा रिवाज आहे. मी आता पंचाहत्तरीला टेकले आहे, केस कधीच पांढरे झाले, तेव्हा हा एक्का माझ्याही हातात आहे. तो टाकूनच सांगते, की मुलांच्या चष्म्याच्या नंबरच्या बाबतीत पांढऱ्या केसांना काडीची किंमत नाही. माझ्या नाही आणि, वडीलधाऱ्यांची क्षमा मागून, तुमच्याही नाही.

एवढं तापायचं कारण घरचंच आहे. माझ्या पुतण्याची मुलगी, वय वर्षे नऊ. दोन वर्षांपूर्वी तिला दीड नंबरचा चष्मा लागला (मायनस, म्हणजे लांबचं दिसत नाही तो). यंदा तो सव्वातीन झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईवडिलांना नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या एका खास कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल सांगितलं आणि विचार करून कळवा म्हणाले. पुतण्या बिचारा सरळ. त्याने आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचं मत विचारलं. भरल्या पंगतीत "मीठ कमी आहे का हो?" असं विचारण्यासारखंच ते. जो तो वाढायला उठला!

आलेली मतं अशी. एक, चष्मा सारखा लावू देऊ नका, डोळ्यांना सवय लागते. दोन, डॉक्टरांनी सांगितला त्यापेक्षा थोडा कमी नंबरचा करून घ्या, म्हणजे वाढत नाही. तीन, डोळ्यांचे व्यायाम, हिरवळीवर अनवाणी चालणं, गाजर, बदाम. चार, लेन्स? नऊ वर्षांच्या पोरीला? डोळा घालवायचाय का? पाच, आत्ता काहीच करू नका, अठरा पूर्ण झाली की लेसर करा, लग्नाच्या आत चष्मा जातो. मतं पाच, पण प्रत्येकाखाली सही एकच, "आमच्या अनुभवावरून सांगतो."

परिणाम असा, की मुलीचा चष्मा आता घरी असताना डबीत असतो, आणि लेन्सचा विषय बंद झाला आहे. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ दे.

मी काही डॉक्टर नाही. 1971 साली मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, उभा जन्म खडू-फळ्यात घालवलेली बाई. पण वाचता येतं. पुतण्याच्या बायकोने इंटरनेटवरून या विषयावरचे काही शोधनिबंध छापून दिले, शेजारी शब्दकोश ठेवून महिनाभर ते वाचले, आणि जे अडलं ते एका डॉक्टर झालेल्या विद्यार्थ्याला विचारून घेतलं. त्यातून जे समजलं ते सांगते.

आधी नंबर म्हणजे काय ते पाहू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. "डोळे कमजोर झाले" असं आपण म्हणतो. कमजोर वगैरे काही झालेले नसतात. आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मशीन एका जागी, पडदा एका जागी, चित्र लख्ख. समजा कुणी पडदा मागे सरकवला, तर चित्र पडद्याच्या अलीकडेच जुळतं आणि पडद्यावर धूसर दिसतं. मायनस नंबरच्या डोळ्यात बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर असतो. मुलाचा डोळा वाढता वाढता गरजेपेक्षा लांब झाला, की मागचा पडदा (दृष्टिपटल) मागे जातो. एका मिलिमीटरला सुमारे अडीच ते तीन नंबर पडतात. चष्म्याची काच चित्र उचलून परत पडद्यावर नेऊन ठेवते, एवढंच तिचं काम. साधी काच डोळा लांबवत नाही आणि आखूडही करत नाही.

हे एकदा कळलं की गाजराचा निकाल लागतो. गाजरात अ जीवनसत्त्वाचा साठा आहे, त्याच्या अभावाने रातांधळेपणा येतो, म्हणून गाजर जरूर खावं. पण लांब झालेला डोळा गाजराने आखूड होत नाही, जसा उंच झालेला मुलगा बदामाने बुटका होत नाही.

लेसरचाही निकाल याच हिशेबात लागतो. लेसरने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा आकार बदलतात, म्हणजे मशीनची काच बदलतात. चित्र पुन्हा लख्ख दिसतं, चष्मा जातो, सगळं खरं. पण मागचा ताणलेला पडदा ताणलेलाच राहतो. आणि धोका चष्म्यात नसून त्या ताणात आहे. नंबर फार वाढलेल्या डोळ्यांत पुढे पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याचा मधला भाग झिजणं या गोष्टींची शक्यता वाढते. बुलिमोर आणि ब्रेनन या दोन संशोधकांनी 2019 साली वेगवेगळ्या देशांतली माहिती एकत्र करून हिशेब मांडला. नंबर एकाने कमी राखता आला, तर पडद्याच्या मधल्या भागाच्या त्या विकाराची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. तेव्हा "अठराव्या वर्षी लेसर करू" म्हणजे छत गळतंय तर गळू दे, पुढे भिंतींना रंग देऊ, असं म्हणण्यासारखं आहे.

आता येऊ अनुभवाकडे. आमच्या एका नात्यातल्या बाईंनी ठासून लिहिलं, "माझ्या मुलाने सतराव्या वर्षी डोळ्यांचे व्यायाम सुरू केले, त्यानंतर नंबर अजिबात वाढला नाही." त्या खोटं बोलत नाहीत. नंबर वाढला नाही हे सोळा आणे खरं असणार. पण मंडळी, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याच्या वजनाने तुटली असं होत नाही.

अमेरिकेत निकटदृष्टीच्या 469 मुलांचा एक मोठा अभ्यास झाला, कॉमेट नावाचा. ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचे डोळे वर्षानुवर्षं तपासले गेले. 2013 साली आलेले आकडे सांगतात, की वयाच्या 15 व्या वर्षापर्यंत साधारण निम्म्या मुलांचा नंबर आपोआप स्थिरावला, 18 पर्यंत 77 टक्क्यांचा, 21 पर्यंत 90 टक्क्यांचा आणि 24 पर्यंत 96 टक्क्यांचा. म्हणजे सतराव्या-अठराव्या वर्षी तुम्ही व्यायाम करा, बदाम खा, नवस बोला किंवा काहीच करू नका, बहुतेकांचा नंबर थांबणारच आहे. ज्याने त्या सुमारास जे केलं, त्याला त्याचं श्रेय मिळतं. फांदी वाळलेलीच होती. गंमत अशी, की ज्यांचे व्यायाम करूनही नंबर वाढले, ते ग्रुपवर लिहीत नाहीत. "मी नीट केले नसतील" असं म्हणून ते गप्प बसतात.

आणि हे व्यायाम म्हणजे आपल्या ऋषिमुनींची देणगी, असंही एकाने लिहिलं. योगाबद्दल मला आदर आहे. पण "चष्मा घालवा" म्हणून शिबिरांत फी घेऊन जे शिकवतात, तळवे डोळ्यांवर ठेवा, डोळ्यांवर ऊन घ्या, झोके घेत दूर बघा, त्यातलं बरंचसं विल्यम बेट्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरच्या 1920 सालच्या पुस्तकातून आलं आहे. डोळा जवळचं पाहताना बाहेरच्या स्नायूंनी दाबून लांब केला जातो, असं त्याचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात डोळ्याच्या आतलं नैसर्गिक भिंग आकार बदलतं, आणि हे बेट्सच्या आधीच शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. पायाच चुकलेला, त्यावर शंभर वर्षं इमले चढताहेत.

मग खरं काय ते शोधायचं कसं? शिक्षकाला हे सांगायला फार वेळ लागत नाही. समजा, मला पाढे शिकवायची नवी पद्धत तपासायची आहे. मी ती अ तुकडीला शिकवली आणि वर्षाअखेर त्यांना चांगले गुण मिळाले. पद्धत चांगली? छे! अ तुकडीत हुशार मुलं असतील. किंवा सगळीच मुलं वर्षभरात सुधारतात, तशी तीही सुधारली असतील. म्हणून मुलं आधी चिठ्ठ्या टाकून दोन तुकड्यांत वाटायला हवीत. एकीला नवी पद्धत, दुसरीला जुनी. आणि पेपर अशा बाईंनी तपासायचे, ज्यांना कोणता पेपर कोणत्या तुकडीचा ते माहीत नाही. मग जो फरक दिसेल तो पद्धतीचा. डोळ्यांच्या चाचण्या अशाच होतात. आमच्या ग्रुपवरच्या पाचही मतांत जी गोष्ट नाही, ती म्हणजे ब तुकडी!

"थोडा कमी नंबरचा चष्मा द्या" या मताचं घ्या. हे काही फक्त आपल्या आज्यांचं मत नव्हतं. चष्मेवाले आणि काही डॉक्टरही अनेक देशांत वर्षानुवर्षं असंच करत आले. मलेशियात 9 ते 14 वयाच्या 94 मुलांवर याची चाचणी झाली आणि 2002 साली निष्कर्ष आले. अर्ध्यांना पूर्ण नंबरचा चष्मा, अर्ध्यांना सुमारे पाऊण नंबरने कमी. दोन वर्षांनी पूर्ण नंबरवाल्यांचा नंबर सरासरी 0.77 ने वाढला होता, आणि कमी नंबरवाल्यांचा पूर्ण 1.00 ने. म्हणजे ज्यांना "वाचवायला" कमी नंबर दिला, त्यांचाच जास्त वाढला! पुढे 2006 साली इस्रायलमधल्या एका छोट्या चाचणीतही कमी नंबरचा काही फायदा दिसला नाही. एवढं करून त्या मुलांनी दोन वर्षं फळा धूसर बघितला, तो वेगळाच.

फळा धूसर दिसणं म्हणजे काय, हे मी वर्गात पाहिलं आहे. मागच्या बाकावरचं मूल शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतं आणि कॉपी करतो म्हणून मार खातं. पुढे ते प्रश्न विचारायचंच सोडतं. वर्गात त्याला ढ म्हणतात, घरी आळशी म्हणतात. पश्चिम चीनमधल्या 252 शाळांत, तीन हजारांहून अधिक चष्म्याची गरज असलेल्या मुलांवर एक चाचणी झाली, ती 2014 साली छापून आली. ज्यांना फुकट चष्मे दिले, त्यांची गणितातली प्रगती इतरांपेक्षा चांगली झाली. गणिताची शिकवणी लावण्याआधी चष्मा डबीतून बाहेर काढावा, हे सांगायला खरं तर चीनला जायची गरज नव्हती.

आता लेन्स. या विषयाने मला सगळ्यांत जास्त शिकवलं, कारण इथे तज्ज्ञांचेही पांढरे केस उघडे पडले.

कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरली की मुलांचा नंबर वाढायचा थांबतो, असं डोळ्यांच्या क्षेत्रातले लोक कित्येक दशकं मानत होते. अनुभव होता, पेशंटच्या फायली होत्या, काही अभ्यासही होते. मग सिंगापूरमध्ये 6 ते 12 वयाच्या 428 मुलांवर नीट चाचणी झाली. 2003 साली उत्तर आलं, की दोन वर्षांत चष्मेवाल्यांचा नंबर सरासरी 1.28 ने वाढला आणि कडक लेन्सवाल्यांचा 1.33 ने. फरक शून्य. पाठोपाठ 2004 साली अमेरिकेतल्या ओहायोमधून दुसरी चाचणी आली, 116 मुलांची, तीन वर्षांची. तिच्यात मऊ लेन्सपेक्षा कडक लेन्सच्या मुलांचा नंबर कमी वाढलेला दिसला. आता? पण त्या लोकांनी डोळ्याची लांबीही मोजली होती, आणि लांबी दोन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली होती. कडक लेन्सने डोळ्याचा पुढचा भाग जरा सपाट राहिला, म्हणून नंबर कमी दिसला, आणि मागचा पडदा मात्र ताणतच होता. त्या दिवसांत कित्येक जण पैसे भरून, डोळ्यांत खुपणारी लेन्स सोसून, समाधानाने घरी गेले असतील. अनुभवाने त्यांना फसवलं, मोजपट्टीने नाही.

साध्या मऊ लेन्सचंही तसंच. अमेरिकेतल्या 8 ते 11 वयाच्या 484 मुलांची तीन वर्षांची चाचणी 2008 साली आली. साध्या मऊ लेन्सने नंबर थांबत नाही आणि चष्म्यापेक्षा म्हणण्यासारखा वाढतही नाही. तेव्हा साधी लेन्स विकताना कुणी "याने नंबर थांबेल" म्हणालं, तर दुकानाची पायरी उतरावी. (त्याच मुलांना स्वतःबद्दल काय वाटतं, हेही विचारलं होतं. लेन्सवाल्या मुलांना आपलं दिसणं, खेळ आणि मित्रांत मिसळणं याबद्दल जास्त आत्मविश्वास वाटत होता. चष्मेवाल्याला "ढापण्या" म्हणणाऱ्या समाजाने याची नोंद घ्यावी.)

म्हणजे हीच चाळणी लावून, मोठमोठ्यांचे दावे बाजूला काढून, मग जे उरलं ते नव्या प्रकारच्या मऊ लेन्सचं. पुतण्याच्या डॉक्टरांनी सुचवली ती ही. या लेन्समध्ये मधून लख्ख दिसतं, पण भोवतीचा भाग काही प्रकाश पडद्याच्या अलीकडे जुळेल असा घडवलेला असतो. वाढणारा डोळा आपल्यावर पडणाऱ्या प्रतिमेवरून किती लांब व्हायचं ते ठरवतो, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आधीच दिसलं होतं. 1977 साली वीझल आणि राव्हिओला यांनी माकडाच्या पिल्लाच्या पापण्या शिवून ठेवल्या, तर मागचा डोळाच लांब झाला. तेव्हा प्रतिमा बदलून "आता वाढ पुरे" असा निरोप डोळ्याला देता येईल का, असा हा विचार.

याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. पहिली पोर्तुगाल, ब्रिटन, सिंगापूर आणि कॅनडा या चार देशांत, 8 ते 12 वयाच्या 144 मुलांवर, निष्कर्ष 2019 साली. तीन वर्षांत साध्या लेन्सच्या गटाचा नंबर सरासरी 1.24 ने वाढला, नव्या लेन्सच्या गटाचा 0.51 ने. आणि लांबी? साध्या गटात 0.62 मिलिमीटर, नव्या गटात 0.30. या वेळी मोजपट्टीही तेच बोलली! त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 8 ते 12 वयात सुरू करण्यासाठी या लेन्सला मान्यता दिली.

"ती चाचणी कंपनीच्या पैशाने झाली होती," असं कुणीतरी म्हणेलच. बरोबर आहे, आणि विचारायलाच हवं असा प्रश्न आहे. म्हणून दुसरी चाचणी महत्त्वाची. ब्लिंक तिचं नाव, अमेरिकेत मुख्यतः सरकारी संशोधन निधीतून झालेली, 7 ते 11 वयाची 294 मुलं, तीन वर्षं, 2020 साली प्रसिद्ध. तिच्यात वेगळ्या बनावटीची, पण त्याच तत्त्वावरची लेन्स होती. साध्या लेन्सच्या गटात 1.05 ने वाढ, जास्त ताकदीच्या बहुकेंद्री लेन्सच्या गटात 0.60 ने. मधल्या ताकदीच्या लेन्सचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाही, आणि हेही त्यांनी लपवलं नाही. नंबर थांबतो असं कुणीच म्हणत नाही. वेग कमी होतो, तोही सरासरीने. एखाद्या मुलाला फायदा जास्त होईल, एखाद्याला थोडा. पण नऊ वर्षांच्या, सव्वातीन नंबरच्या मुलीपुढे वाढीची अजून सहा-आठ वर्षं पडली आहेत. तिथे वेग कमी करणं ही छोटी गोष्ट नाही.

राहता राहिली भीती. "लेन्सने डोळा जातो" म्हणणारे सगळे जण आमच्या जुन्या शेजारच्या मुलीचं उदाहरण देतात. ते उदाहरण मीही जवळून पाहिलं आहे, म्हणून पूर्ण सांगते. तिला पाहायला पाहुणे यायचे होते. "चष्म्यात दिसू नकोस" म्हणून घरच्यांनी लेन्स घ्यायला लावली. रात्रीच्या प्रवासात ती लेन्स लावूनच झोपली, सकाळी नळाच्या पाण्याने धुऊन तीच परत घातली, लाल झालेला डोळा दोन दिवस लपवला. जखम झाली, बुबुळावर कायमचा पांढरा डाग राहिला. यात दोष लेन्सचा किती आणि "चष्म्यात दिसू नकोस" या वाक्याचा किती, ते आपणच ठरवा.

आकडेही ऐका. ऑस्ट्रेलियातला मोठा अभ्यास 2008 साली आला. दिवसा मऊ लेन्स वापरून रात्री काढणाऱ्यांत गंभीर जंतुसंसर्ग वर्षाला दहा हजारांत सुमारे दोघांना होतो, आणि लेन्स लावून झोपणाऱ्यांत सुमारे वीस जणांना. दहापट! 1989 साली अमेरिकेतही असंच चित्र दिसलं होतं. आठ ते बारा वयाच्या मुलांत हा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असल्याचं दिसलेलं नाही, कारण त्या वयात आई पाठीशी उभी असते. नियम सोपे आहेत. साबणाने हात धुऊन कोरडे करायचे. लेन्सला पाणी लावायचं नाही, नळाचं नाही, फिल्टरचं नाही आणि थुंकी तर नाहीच (पाण्यातला एक अमीबा डोळा खाऊ शकतो). लेन्स घालून झोपायचं नाही, पोहायचं नाही. दुसऱ्याची लेन्स घालायची नाही. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना झाला, की लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरकडे. जिथे जमेल तिथे रोज नवी, रात्री फेकून द्यायची लेन्स घ्यावी. ज्या घरात हे पाळलं जाणार नाही, तिथे लेन्स घेऊच नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते.

अजून एक आक्षेप हुशार लोकांचा असतो. "या संशोधकांचं तरी कुठे एकमत आहे? आज हे म्हणतात, उद्या ते." उदाहरण ॲट्रोपिनच्या थेंबांचं. 2019 साली हाँगकाँगच्या 438 मुलांच्या चाचणीत 0.05 टक्के थेंब सर्वांत उपयोगी ठरले आणि 0.01 टक्क्याचे सर्वांत कमी. 2021 साली आपल्या भारतातल्या चाचणीत 0.01 टक्क्याचा फायदा दिसला. 2023 साली अमेरिकेत 187 मुलांवर तेच 0.01 टक्के थेंब वापरले, तर काहीच फायदा दिसला नाही. झालं ना भांडण? झालं. पण भांडण उघड्यावर, आकडे मांडून झालं, आणि म्हणूनच आता डॉक्टर थेंबाची ताकद विचार करून ठरवतात. आमच्या ग्रुपवरचे उपाय पन्नास वर्षांत एकदाही नापास झालेले नाहीत, हे मान्य. परीक्षेलाच न बसलेला विद्यार्थी कधी नापास होत नाही.

आणि ज्यांना लेन्सचा खर्च झेपणार नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला सर्वांत जवळचा. तर एक बिनखर्चाचा उपायही याच चाळणीतून पार झाला आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात 12 शाळांतली पहिलीची सुमारे 1900 मुलं घेतली. सहा शाळांत रोज 40 मिनिटांचा एक जादा तास मैदानावर, सहा शाळांत नेहमीप्रमाणे. 2015 साली निकाल छापून आला. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांतल्या 39.5 टक्के मुलांना मायनस नंबर लागला, मैदानावरच्या 30.4 टक्क्यांना. शंभरातली नऊ मुलं वाचली, नुसत्या उजेडात खेळून! ज्यांना नंबर आधीच लागला आहे, त्यांना याचा उपयोग इतका स्पष्ट दिसत नाही. तो मुख्यतः नंबर लागू नये म्हणून आहे. म्हणजे तो आमच्या मुलीपेक्षा तिच्या धाकट्या भावासाठी.

आणि आपल्या शाळांत काय चालतं? परीक्षा जवळ आली की पहिला बळी पी.टी.च्या तासाचा. त्या जागी गणित. मुख्याध्यापक खूश, पालक त्याहून खूश. एक पालक मला अभिमानाने सांगत होते, "आमच्या शाळेला मैदान नाही, पण रिझल्ट शंभर टक्के." दिल्लीच्या शाळांत जवळजवळ दहा हजार मुलं तपासून 2015 साली जो अभ्यास आला, त्यात 13.1 टक्के मुलांना निकटदृष्टी होती. आपण अजून ग्वांगझू झालेलो नाही. पण मैदानांवर इमारती बांधून आणि पी.टी.चा तास खाऊन तिकडेच निघालो आहोत. हातच्या मैदानाला कुंपण घालायचं आणि मग डोळ्यांसाठी बदाम भिजत घालायचे, याला काय म्हणावं?

असो. भाषण लांबलं, जुनी खोड. आता आमच्या घरच्या मंडळींना स्पष्ट सांगते. मुलीचा चष्मा आजपासून डबीतून बाहेर, सकाळपासून झोपेपर्यंत नाकावर, पूर्ण नंबरचा. दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि तिच्यात नंबराबरोबर डोळ्याची लांबीही मोजायला सांगायची. लेन्स घ्यायची की थेंब घालायचे की दोन्ही नको, हे तिचे आईवडील, डॉक्टर आणि ती स्वतः ठरवतील. ती नऊ वर्षांची आहे, बोटाने स्वच्छ लेन्स घालता येईल की नाही हे आपल्या सगळ्यांपेक्षा तिला बरं कळेल. त्या खोलीत ग्रुपला प्रवेश नाही. धाकट्याला रोज दिवसाउजेडी दीड-दोन तास बाहेर सोडा. गाजराची कोशिंबीर दोघांनाही वाढा, चवीला चांगली लागते म्हणून.

आणि हे वाचून ज्यांना "पण आमच्या अनुभवाने..." असं लिहायचं असेल, त्यांनी अवश्य लिहावं. मी उत्तर देईन. फक्त लिहिताना तुमची ब तुकडी कुठे आहे, तेवढं सांगा.